फील्ड आर्चरीचं पहिलं धनुष्य: बहात्तराव्या बाणाचा विचार करून घ्या

फील्ड आर्चरीच्या फेरीत २४ टार्गेटं आणि प्रत्येकावर ३ बाण, म्हणजे एकूण ७२. मधे चढ-उतार, दगड, काटेरी झुडपं. दम लागलेला असताना एक पाय वर, एक पाय खाली ठेवून धनुष्य ओढायचं असतं. त्यामुळे निवडताना मुख्य प्रश्न एकच: बहात्तरावा बाणही पूर्ण ओढून, अँकरला (गाल-हनुवटीजवळ दोरी थांबवायच्या ठरलेल्या जागी) थांबवून, शांतपणे सोडता येईल का? दुकानात पहिल्या ओढीला झकास वाटलेलं, ओढायला जड धनुष्य पंधराव्या टार्गेटपर्यंत खांदा धरायला लावतं.

साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले ते कंपाउंडवर, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्यावर, तेव्हा कंपाउंडची ओढ वाटणं साहजिक आहे. पण कंपाउंडची ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागे ओढायची ते अंतर) कॅमवर, म्हणजे त्या चाकांवर, ठरलेली असते. नवशिक्याची स्वतःची ओढ मात्र फॉर्म बसेपर्यंत बदलत राहते, आणि दोरी किंवा केबल बदलायची तर सहसा बो प्रेस (धनुष्य दाबून धरणारं यंत्र) लागतो. एकसंध लाकडी किंवा बांबूचं धनुष्य देखणं असतं, पण त्याचं पाउंडेज (ओढताना बोटांवर येणारं वजन) आहे तेच राहतं. शिवाय पाच फुटांहून लांब धनुष्य संध्याकाळच्या लोकलमध्ये कसं न्यायचं?

आमचं स्पष्ट मत: सुटं होणारं आयएलएफ रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांना बसतील अशा जोडणीचं धनुष्य) घ्या आणि ते बेअरबो म्हणून, म्हणजे जादा साधनं न लावता, वापरा. साइट नाही, स्टॅबिलायझर नाही, क्लिकर नाही. फक्त रेस्ट (बाण टेकवायचा आधार) आणि प्लंजर (बाणाला बाजूने आधार देणारी स्प्रिंगची खुंटी). २५ इंची रायझर (मधला मुठीचा भाग) आणि लिम्ब (वर-खालच्या लवचिक पट्ट्या) पाठीवरच्या बॅगेत मावतात. ताकद वाढली की फक्त लिम्ब बदलायचे, रायझर वर्षानुवर्षं तोच. लिम्बचे बोल्ट फिरवून पाउंडेज साधारण १० टक्के खाली-वर करता येतं आणि टिलरही (वरच्या-खालच्या लिम्बच्या ताणाचा समतोल) लावता येतो. पैसे हात राखून खर्च करायचे असतील तर रायझर चांगला घ्या आणि पहिले लिम्ब स्वस्तातले. ते तसेही बदलायचेच आहेत.

आता मापं. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा आणि २.५ ने भागा. १७० सेंमी आलं तर ६८ सेंमी, म्हणजे पावणेसत्तावीस इंचांच्या आसपास. हा फक्त अंदाज. खरी ड्रॉ लेंग्थ हलक्या धनुष्यावर पूर्ण ओढून मोजायची: बाणाच्या मागच्या टोकाच्या, म्हणजे नॉकच्या, खाचेपासून प्लंजरच्या छिद्रापर्यंतचं अंतर, अधिक पावणेदोन इंच. २७ च्या आत असाल तर ६६ इंची धनुष्य, २७ ते २९ ला ६८, त्यापुढे ७०. दोन मापांच्या मधे अडकलात तर लांब घ्या. आखूड धनुष्यात दोरीचा कोन टोकदार होतो, बोटं चिमटतात आणि शेवटच्या इंचात वजन एकदम वाढतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पाउंडेजचा. लिम्बवर छापलेला आकडा २८ इंचांच्या ओढीचा असतो. एक इंच कमी ओढलं की साधारण २ पाउंड कमी, जास्त ओढलं तर तेवढेच जास्त. म्हणजे २४ छापलेला लिम्ब २६ इंच ओढणाऱ्याला २० च पडेल. आयएलएफ लिम्बचा आकडा बहुधा २५ इंची रायझरवरचा असतो. तोच लिम्ब २३ इंची रायझरला लावला की अंदाजे २ पाउंड वाढतात. हा हिशेब करून बोटांवर प्रत्यक्ष येणारं वजन शरीरयष्टी बेताची असेल तर १८ ते २० आणि धडधाकट असेल तर २२ ते २६ ठेवा. त्यावर जाऊ नका.

दुकानात ही परीक्षा जरूर घ्या. बाण न लावता, दोरी अजिबात न सोडता, सरळ समोर धरून अँकरपर्यंत ओढा. दहा सेकंद थांबा आणि तितक्याच सावकाश परत आणा. असं सहा वेळा. धनुष्य आभाळाकडे उचलल्याशिवाय ओढलं जात नसेल, पुढचा खांदा कानाकडे सरकत असेल किंवा परत आणताना दोरी हिसका मारत असेल, तर दुकानदार काहीही म्हणो, ते जड आहे. दोरी मात्र रिकामी सुटू देऊ नका. बाणात जायची ताकद लिम्बमध्येच राहते आणि लिम्ब तडकतो.

हलकं धनुष्य लांब मारत नाही, ही तक्रार नेहमीची. बेअरबोच्या निळ्या खुंटीवरून (स्पर्धेत बेअरबोवाल्यांनी उभं राहायची जागा) जास्तीत जास्त ५० मीटर असतं, आणि सुरुवातीचा सराव जवळूनच करायचा असतो. उलट हलक्या धनुष्याचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. बाणाचं टोक थेट लक्ष्यावर ठेवून बाण मध्यात लागतो ते अंतर जवळ येतं, त्यामुळे १०-१५ मीटरच्या टार्गेटसाठी टॅब (बोटांवरचं चामड्याचं आवरण) दोरीवर कमी खाली सरकवावा लागतो आणि लिम्बचा तोल कमी बिघडतो.

जुनं घेत असाल तर दोरी चढवून मागून एका डोळ्याने बघा: दोरी दोन्ही लिम्बच्या बरोबर मधून गेली पाहिजे. मग लिम्बच्या कडांवरून कापसाचा बोळा फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे चीर सुटलेली आहे, तो लिम्ब सोडून द्या. दोरी चढवायला स्ट्रिंगरच वापरा. पायात अडकवून चढवली की लिम्ब पिळतो.

बाण धनुष्यानंतर घ्या, आधी नाही. या पाउंडेजला ८०० ते १००० स्पाइन (बाण किती वाकतो त्याचा आकडा) लागतो. सुरुवातीला लांबच ठेवा, कारण कापला की बाण कडक होतो. १८ मीटरवरून पिसं नसलेला बाण मारून बघा. उजव्या हाताच्या तिरंदाजाचा तो बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागला तर कडक, उजवीकडे लागला तर नरम. सह्याद्रीच्या काळ्या पत्थरावर आपटलेला कार्बन बाण दोन्ही टोकं धरून वाकवा आणि कानाशी न्या. कुरकुर ऐकू आली तर तो मोडून टाका. तसाच मारला तर हातात घुसू शकतो.

मुंबईच्या हवेत धनुष्य ओलं ठेवून चालत नाही. पावसाळ्यात घरी आल्यावर लिम्ब पुसा, बोल्टना तेलाचा थेंब लावा, बॅगेत सिलिका जेल टाका. नैसर्गिक पिसं भिजली की बसतात, म्हणून रेस्टवरून मारताना प्लॅस्टिकची बरी. उन्हात बंद गाडीत धनुष्य ठेवू नका, लिम्बच्या थरांमधला डिंक सुटतो.

आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात धनुष्य घेऊन शिरू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा उल्लेख आहे, आणि परवानगीशिवाय शस्त्र आत नेणं गुन्हा आहे. सरावाला क्लबचं मैदान किंवा कर्जत-मुरबाडकडची मालकाच्या होकाराची जागा बघा, जिथे टार्गेटच्या मागे उंच मातीचा बांध असेल आणि त्यामागून पायवाट जात नसेल.