गुळाची चव

पौष पौर्णिमेला जेजुरीच्या बाजारातून गाढवांची जोडी घेऊन आलो, तेव्हा आई दारातूनच म्हणाली, "तू एक होतास ते पुरत नव्हतं का?"

मी तिला आकडे सांगितले. २०१२ला देशात तीन लाखांवर गाढवं होती, २०१९च्या पशुगणनेत जेमतेम सव्वा लाख उरली. "आपल्या घरात तर वाढलीत," आई म्हणाली.

खरं तर मला एकच हवं होतं. पण विकणाऱ्या आबांनी दोघांचे ओठ वर करून दात दाखवले, दोन्ही दुवान, म्हणजे दोन दातांची, आणि म्हणाले, "जोडी हाय, तोडू नगा. एकटं ऱ्हायलं तर खाणं सोडंल." मला वाटलं, दुसरं गळ्यात मारायची युक्ती. पुढे जनावरांच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. सोबती गेला की गाढव अन्न टाकतं, मग अंगातली चरबी रक्तात उतरते आणि त्यातच ते दगावू शकतं.

माझ्याकडे मात्र उलटंच झालं. हौसेनं दोन्ही वेळा हिरवागार लसूणघास घालत होतो. वर शेजारच्या काकू. त्यांच्याकडे सण झाला की पुरणपोळी कुंपणावरून अलीकडे यायची. एरवी गूळ. चार महिन्यांत थोरल्याच्या मानेवर, आयाळीखाली, टणक वळी आली. हाताला नारळाच्या करवंटीसारखी लागायची. डॉक्टर म्हणाले, "आता आवरा. ही वळी एका बाजूला कलली की परत सरळ होत नाही."

गाढव मूळचं आफ्रिकेतल्या रखरखीत मुलखातलं. दिवसभर चालत राहायचं आणि सापडेल ती वाळकी काडी चघळायची, असं त्याचं पोट घडलेलं. त्याला सकस चारा पचतो, पण सोसत नाही. खुरांच्या आत सूज येऊन पाऊल टाकवत नाही. आता दीडशे किलोच्या जनावराला दिवसाला दोन-अडीच किलो सुकं, त्यात बहुतेक गव्हाचं काड. हिरवं मूठभर, तोंडी लावण्यापुरतं. चाटायला सैंधवाचा खडा. हे सगळं ऐकून काकूंचं मत माझ्याबद्दल कायमचं वाईट झालं.

पाण्याचे नखरे तर विचारू नका. बादलीला जरा शेवाळ दिसलं की थोरला वरचा ओठ टेकवतो, थबकतो आणि माझ्याकडे बघतो. तहानलेला राहील, पण ते पिणार नाही. नाथांनी कावडीतली गंगा तहानेल्या गाढवाला पाजली. माझी बादली असती तर नाथांनाही नकार मिळाला असता.

उकिरड्यावर लोळणारं म्हणून आपण त्याला नावं ठेवतो. त्याचं ते अंग घासणं असतं, धूळ झाली की पुरे. पाऊस मात्र त्याला नको. अंगावरचे केस पाणी धरून ठेवतात, त्यामुळे जूनमध्ये पहिला थेंब पडायच्या आत दोघं पत्र्याखाली. ओल्या काळ्या मातीत खुरं कुजतात, म्हणून रोज संध्याकाळी मी खाली बसतो, खांद्यापासून हात हळूहळू उतरवत नेतो, "पाय" म्हणतो, आणि तो पाऊल माझ्या मांडीवर ठेवतो. मग बोथट आकड्यानं चिखल उकरायचा. दीड-दोन महिन्यांनी माणूस येऊन खुरं कापून जातो. काहीही अडलेलं नसताना गाढवाचे पाय धरणारा हरी पंचक्रोशीत मी एकटाच असेन.

गाढवाला गुळाची चव काय, असं ज्यानं म्हटलं त्यानं कधी दिलाच नसणार. काकूंच्या डब्याचं झाकण तिकडे उघडलं की इकडे चारही कान वळतात आणि मग जे ओरडणं सुरू होतं, ते वेशीपर्यंत जातं. मी फाटकात आडवा उभा राहतो. "एवढासाच खडा रे," काकू म्हणतात, आणि मागून थोरला मानेनं मला बाजूला सारतो.