ऑडिओची तीन नियतकालिकं एक झाली की कोणता खर्च वाचतो

एडवर्ड डेल यांनी १९७० साली अमेरिकेत घरी ॲम्प्लिफायर जोडणाऱ्यांसाठी 'ऑडिओ ॲमॅच्युअर' सुरू केलं. पुढे 'स्पीकर बिल्डर' आणि व्हॉल्व्हवाल्यांसाठी (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्या वापरणाऱ्यांसाठी) 'ग्लास ऑडिओ' निघालं. २००० च्या सुमारास तिन्ही मिळून 'ऑडिओएक्स्प्रेस' झालं. अशा एकत्रीकरणाचं गणित छापखान्यात कळतं.

६४ पानांचा अंक म्हणजे १६ पानी चार फॉर्म, म्हणजे दोन्ही बाजूंनी छापून घडी घातलेले चार मोठे कागद. कागदाच्या प्रत्येक बाजूला दर रंगाची एक छपाईची प्लेट लागते. चाररंगी छपाईत दोन्ही बाजू मिळून फॉर्मला ८ प्लेट, म्हणजे आतल्या पानांच्याच ३२. काळ्या शाईत तेच काम ८ प्लेटमध्ये होतं. सर्किटच्या आकृतीला रंगाची गरज नसते, त्यामुळे रंगाचा खर्च मुखपृष्ठापुरता ठेवणंच योग्य.

प्लेट, मशीन लावताना वाया जाणारा कागद, आकृत्या काढणं, मजकूर लावणं हा खर्च ३,००० प्रतींना जेवढा, जवळपास तेवढाच ३०,००० ना. खप निम्म्यावर आला की कागद आणि टपाल कमी होतं, पण बाकीचा बोजा दर प्रतीवर दुप्पट पडतो. तीन अंकांचा एक केला की दोन मुखपृष्ठं आणि दोन वेळचं टपाल वाचतं. मात्र फक्त स्पीकर बांधणाऱ्याला व्हॉल्व्हची पानंही विकत घ्यावी लागतात, आणि त्यातले काही जण वर्गणी सोडतात.

काटकसर तपासणीत मात्र कधीही करू नये. बायसच्या (ट्रान्झिस्टरमधून आवाज नसतानाही किती प्रवाह वाहावा हे ठरवणाऱ्या भागाच्या) जागी ४.७ ऐवजी ४७ किलोओहम छापलं गेलं तर वाचकाचे आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतात. छापण्याआधी सर्किट आकृतीवरूनच पुन्हा जोडून पाहावं.

सगळ्यात फसवी चीज आगाऊ वर्गणी. द्वैमासिकाची दोन वर्षांची वर्गणी आली तर पहिल्या अंकासोबत तिचा बारावा भागच कमाई झाला. उरलेलं सगळं देणं. ते पैसे आजच्या कागदाच्या बिलाला गेले की पुढचे अंक नव्या वर्गणीदारांच्या जिवावर निघतात. त्यात मे २००७ मध्ये अमेरिकी टपालखात्याने परदेशी जाणारं स्वस्त समुद्रटपाल बंद केलं. ज्यांची वर्गणी जुन्या दराने आधीच घेतली होती, त्यांचा वाढीव खर्च कोण देणार?

जाहिरातींचाही आधार तोकडा. तयार सिस्टीम विकणारी कंपनी पूर्ण पान घेते, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा छोटा कारखानदार पाव पान; आणि घरी जोडणाऱ्यांच्या अंकाकडे येतो तो बहुधा हा दुसराच. डेल यांची 'ओल्ड कॉलनी साउंड लॅब' लेखांतल्या प्रकल्पांचे सर्किट बोर्ड, किट आणि पुस्तकं विकायची. जोडधंदा म्हणून हा मार्ग मला सर्वांत पटतो. फक्त किटचा साठा बेताने करावा: त्यातला एखादा ट्रान्झिस्टर बनणं बंद झालं, की बाकीचे सुटे भाग तसेच पडून राहतात.