पोहऱ्यातलं मुंडकं

पार्सल आलं तेव्हा बायको घरी होती, हा पहिला घोळ. दुसरा घोळ म्हणजे ते तिनेच फोडलं. खोक्यात खोका, त्यात ते फुगे फोडायचं प्लास्टिक, आणि सगळ्यात आत एक जाडजूड, कडक पुठ्ठ्याचा डबा, लग्नातला दागिना निघावा असा. तिने तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, हे काय? म्हटलं ब्लू-रे. कसले? म्हटलं रामसे ब्रदर्सचे. जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, म्हणजे ते पुराना मंदिर वगैरे? हो. केवढ्याला? मी खऱ्या किमतीच्या निम्मी सांगितली, आणि तेवढी ऐकूनच ती किचनमधे निघून गेली.

आता तिला काय सांगू की मोंडो मकाब्रो नावाची एक विलायती कंपनी आहे, जगभरातले विचित्र पिक्चर शोधून काढून ती डिस्कवर आणते, आणि ती उभी करणाऱ्या गृहस्थांचं नाव चक्क पीट टूम्ब्स. टूम्ब म्हणजे थडगं. थडगे आडनावाचा माणूस रामसेंची भुतं उकरून काढतोय, हे मी बनवून सांगितलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता. आधी त्यांनी हे पिक्चर डीव्हीडीवर जोडीजोडीने काढले होते, आता सहाच्या सहा एका डब्यात, फिल्मवरून नव्याने स्कॅन करून, धुऊनपुसून: पुराना मंदिर, तहखाना, वीराना, पुरानी हवेली, बंद दरवाजा आणि महाकाल. जे पिक्चर आपल्याकडे पेपरवाले परीक्षणाच्या लायकीचे धरत नव्हते आणि पांढरपेशे लोक थेटरात ओळखीचं कोणी दिसलं तर तोंड लपवून बघायचे, ते आता शोकेसमधे ठेवायचा ऐवज झालेत.

रामसेंशी आमचं म्हणजे सातारकरांचं थोडं नातंच आहे, ते आधी सांगतो. मूळचे हे रामसिंघानी, कराचीचे. वडील फतेहचंद, त्यांचं तिथे रेडिओचं दुकान, गिऱ्हाईक गोरे, त्यांना रामसिंघानी म्हणता येईना म्हणून रामसे झाले. फाळणीनंतर मुंबईत आले, लॅमिंग्टन रोडला दुकान टाकलं. मुलगे सात, आणि पिक्चरच्या धंद्यात शिरल्यावर एकेकाने एकेक खातं वाटून घेतलं, तुलसी आणि श्याम डायरेक्शन, गंगू कॅमेरा, किरण साउंड, कुमार लिखाण, अर्जुन एडिटिंग, केशू कॅमेऱ्यात आणि प्रॉडक्शनमधे. १९७० मधे पृथ्वीराज कपूरना घेऊन काढलेला पिक्चर आपटला. पण पोरांनी थेटरात बसून बघितलं की त्यातल्या एकाच सीनला पब्लिक जागं होतं, पृथ्वीराज राक्षसासारखा मुखवटा घालून चोरी करायला येतो तो. मग म्हणाले आपण सगळा पिक्चर तसाच काढू. तो १९७२ चा दो गज जमीन के नीचे, आणि त्यासाठी सगळं खानदान बायकापोरांसकट बसमधे बसून कुठे गेलं तर महाबळेश्वरला. सरकारी गेस्ट हाउसमधे राहायचं, तिथेच रांधायचं, तिथेच शूटिंग. म्हणजे हिंदी सिनेमातलं भूत आमच्या घरापासून दीड तासावर, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांच्या शेजारी जन्माला आलं. हे मी कोणालाही सांगतो. कोणी विचारत नाही तरी सांगतो.

पुराना मंदिर १९८४ चा, पण तो आमच्या वाड्यात पोचला १९८७ च्या मे महिन्यात. चुलत, आते, मामे सगळी भावंडं सुट्टीला जमलेली आणि वर्गणी काढून व्हीसीआर आणलेला, एका रात्रीसाठी, तीन कॅसेटींसकट. त्यातली पहिली कॅसेट देवाची असायची. ती आजीसाठी. ती बघता बघता आजीला डुलकी लागायची, मग दादा म्हणजे माझा थोरला चुलत भाऊ हळूच कॅसेट बदलायचा. टीव्ही आमचा लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट, आणि डोळे बिघडू नयेत म्हणून काकांनी त्याच्यापुढे ती निळी काच लावलेली, म्हणजे खरं तर प्लास्टिकच. तर माझ्यासाठी त्यातला राक्षस, सामरी, हा निळा होता. त्यातून ती कॅसेट किती जणांच्या व्हीसीआरमधून फिरून आलेली कोण जाणे, वर रेघा, खाली रेघा, ट्रॅकिंगचं बटण दादाच्या अंगठ्याखाली कायम.

आजी काही त्या दिवशी झोपली नाही. का, तर पिक्चरमधे ललिता पवार दिसली. आजीचं ललिताबाईंशी फार खासगी वैर होतं, म्हणजे भगवानदादांच्या थपडेने तिचा डोळा अधू झाला ते सांगताना हळहळायची आणि पुढच्याच वाक्यात "पण सुनेला छळते मेली" म्हणायची. तर ती म्हणाली थांबा रे, ही कशी वागते बघू दे. आणि मग पुढचा सगळा पिक्चर, सामरी, त्याचं तोडलेलं मुंडकं, तो शाप, जगदीपची ती शोलेची नक्कल, सगळं आजी आमच्यात बसून जपमाळ ओढत बघत होती. मधे एकदा लाईट गेली, परत आली. कोणीतरी रडलं. मी नाही.

त्या पिक्चरमधला एक सीन माझ्या डोक्यात इतकी वर्षं जसाच्या तसा आहे. सामरीचं धड एकीकडे, मुंडकं दुसरीकडे, हे सगळ्यांना माहितीये. तर रात्री एक पोरगी आडावर पाणी काढायला जाते. रहाट कर्र कर्र करतोय. पोहरा जड लागतो. ती ओढते, अजून ओढते, पोहरा काठाशी येतो आणि आतल्या पाण्यावर केस पसरलेले. आधी केस, मग कपाळ. मग डोळे उघडतात. आणि सगळ्यात वाईट काय तर तिला दोर सोडून पळायचंय पण मुठी उघडत नाहीत. त्या मुठींनी माझी दहावीपर्यंतची झोप घालवलीये. खरं सांगायचं तर मी तो डबा विकत घेतला तो त्या मुठींसाठी.

असो. तर डबा आला, आता प्लेअर. ब्लू-रेचे रीजन असतात, अमेरिका-जपान ए मधे, युरोप बी मधे आणि आपण रशिया-चीनच्या पंगतीत सी मधे. मला यातलं काही लफडं नको होतं म्हणून एका मित्राकडून सगळं चालवणारा प्लेअर आणला. शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर दिवे घालवले. बायको म्हणाली मी पाचच मिनिटं बसणारे.

आणि पहिल्यांदा मला कळलं की पुराना मंदिर रंगीत आहे! म्हणजे माहिती होतं, पण कळलं नव्हतं. लाल, हिरवा, निळा असे दिवे मारलेत गंगू रामसेंनी, धुरातून खालून वर, की वाटतं गणपतीचा मांडव लागलाय आणि त्यात कोणाचातरी खून होणार आहे. व्हीएचएसवर जेमतेम अडीचशे रेघांचं चित्र असतं, ब्लू-रेवर एक हजार ऐंशी, त्यामुळे जिथे आम्हाला नुसता काळोख दिसायचा तिथे खांब निघाले, जाळ्या निघाल्या, जाळ्यांमागे भिंतीचा पोपडा निघाला. मुरुडला नवाबाचा राजवाडा आहे ना, समुद्राच्या अंगाला, खाजगी आहे म्हणून रस्त्यावरूनच बघायचा, तिथे शूटिंग झालेलं याचं, आता त्याचे दगड मोजता येतात. सामरीच्या तोंडावर चिकटवलेलं काय आणि त्याचं स्वतःचं काय हेही दिसतं. तो अजय अगरवाल, रुरकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर हो, उंचच्या उंच.

हे साफ करायचं काम म्हणजे काय असतं ते मी मग वाचत बसलो. सव्वादोन तासांच्या पिक्चरमधे जवळजवळ दोन लाख फ्रेम असतात. फिल्म मशीनमधून एकेक फ्रेम स्कॅन होते, मग धूळ, ओरखडे, उडालेला रंग, जिथे चिकटपट्टी लावलीये तिथला झटका, हे सगळं कॉम्प्युटरवर माणसं बसून काढतात. फार काढलं तर तेही वाईट, कारण फिल्मचा जो रवा असतो तोच उडतो आणि सगळ्यांचे चेहरे मेणाचे होतात. (सामरीला चाललं असतं.) आणि हे सगळं फिल्म शाबूत असेल तर. आपल्याकडच्या दमट हवेत फिल्म सडायला लागली की डब्यातून व्हिनेगरचा वास येतो, आकसते, वेडीवाकडी होते, मग स्कॅन कसलं करताय. थोर थोर मराठी पिक्चरांच्या निगेटिव्हचा पत्ता नाही आणि सामरी मात्र टुणटुणीत, याचं मला थोडं वाईटही वाटलं, पण तेव्हा मी चिप्स खात होतो.

पाच मिनिटं बसणारी बायको शेवटपर्यंत बसली. मधे तिने दोनदा पॉज करायला लावून हिरॉईन आरती गुप्ताच्या ड्रेसबद्दल काहीतरी सांगितलं. सदाशिव अमरापूरकर दिसल्यावर "अय्या हे पण?" म्हणाली.

आडाचा सीन आला नाही.

मला वाटलं माझी डुलकी लागली असणार. शनिवारी परत लावला, एकटाच. मुंडकं आहे, पण ते पेटीत आहे. आड नाही, रहाट नाही, पोरगी नाही, मुठी नाहीत. मग मला वाटलं कट व्हर्जन आहे, आमच्या कॅसेटमधे जास्तीचं होतं, सेन्सॉरने वगैरे नंतर उडवलेलं. मग वाटलं दुसऱ्या पिक्चरमधलं असेल, म्हणून तहखाना बघितला. मग पुरानी हवेली. आठवडाभर रोज रात्री मी रामसे बघत होतो आणि ऑफिसमधे डोळे लाल. महाकालमधे जॉनी लिव्हर आला तेव्हा म्हटलं बास. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात ना, तसं झालं माझं, एवढे दोन दोन लाख फ्रेम लोकांनी घासून पुसून दिले आणि माझाच तेवढा नाही.

शेवटी दादाला फोन लावला. दादा आता चाकणला असतो, दोन नातवंडं आहेत. इकडचं तिकडचं झालं, गुडघा झाला, मग मी विचारलं, दादा तो पुराना मंदिर आठवतो का, आपण आजीबरोबर बघितलेला? आठवतो की, ललिता पवार. त्यात ते मुंडकं पोहऱ्यातून वर येतं बघ, ते कुठल्या भागात आहे, सुरुवातीला का मुरुडच्या वाड्यात गेल्यावर?

"पोहरा? पिक्चरमधे कुठला पोहरा?" दादा म्हणाला. "आड आपल्या वाड्यात होता."

मी गप्प.

"अरे लाईट गेली नव्हती का त्या रात्री? अर्धा पाऊण तास. ते मी सांगितलेलं तुम्हाला. आजीनेच सांगितलेलं मला सकाळी, ही पोरं सारखी आडावर वाकून हाका मारतायत, एखादं जाईल आत, घाल काहीतरी भीती. माझं सांगून झालं तेव्हा मला म्हणाली त्या मुठीचंही सांग, ते राहिलं."

"मुठी आजीच्या?"

"मग काय माझ्या? ती सांगायची ना, तिच्या माहेरच्या आडाची गोष्ट." मग म्हणाला, आपला आड तर कधीच बुजवला, आता तिथे त्या बिल्डरने पार्किंग केलंय, दोन नंबरच्या फ्लॅटवाल्याची गाडी असते बरोब्बर त्यावर. मग नातवाने फोन ओढला, काहीतरी पडल्याचा आवाज आला, परत दादा.

"पण तू आत्ता हे कुठून काढलंस?"

म्हटलं ब्लू-रे आणलाय, रिस्टोअर केलेला, डबा आहे सहा पिक्चरचा.

"केवढ्याला?"

बायकोला सांगितली होती त्याच्या निम्मी सांगितली. तरी बराच वेळ फोनवर काही आवाज आला नाही.