आईचा राग येत नाही का?

१ डिसेंबर, म्हंजे जागतिक एड्स दिन, जवळ आला की कुणीतरी विचारतंच. मला एचआयव्ही आहे हे कॉलेजात कळलं तेव्हा मैत्रिणींनी विचारलं, मग एका पेपरवाल्या ताईंनी, आणि परवा तर ज्यांच्या मुलाशी माझं जमतंय असं सगळे म्हणतायत त्या काकूंनी पण. सगळे आवाज जरा खाली आणतात: "तुला जन्मापासनंच आहे ना, मग आईचा राग नाही येत?" तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहिते, पुढच्या वेळी हेच पाठवून देईन.

आधी मला सांगा, बाबांचा राग येतो का हे कुणीच का विचारत नाही? आणि बाबांचा विषय निघालाच तर पुढचा प्रश्न ठरलेला, "ट्रकवर होते का?" सांगलीकडचे म्हटलं की द्राक्षं, ट्रक, हायवे, सगळं आपापलं जोडून तयार. नव्हते हो ट्रकवर. शिलाईचं दुकान होतं. त्यांना कुठनं आला मला माहीत नाही, आईनं कधी विचारलं नाही आणि मीही शोधणार नाही, कारण तो माणूस सापडला तरी त्याच्यामागं अजून कुणी, त्याच्यामागं अजून कुणी, मग शेवटी फाशी कुणाला द्यायचीय तुम्हाला?

माझा जन्म २००१ चा. आईला त्या नऊ महिन्यांत धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या, एचआयव्हीची टेस्ट कुणी केली नाही. कळा सुरू झाल्या की आईला नेविरापिन या एचआयव्हीवरच्या औषधाची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला थोडं सिरप, एवढ्यानंही बाळाला होण्याचा धोका बराच कमी व्हायचा, पण ते तेव्हा मोठ्या हॉस्पिटलांत कुठं नुकतं येत होतं, आमच्या आरोग्य केंद्रात काय पोचणार. त्याच वर्षी मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीनं आफ्रिकेतल्या पेशंटांसाठी तीन औषधांचा कोर्स वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला आणि जगभर गाजलं, रोजचा एक डॉलरसुद्धा नाही म्हणून. आमच्याकडं रोज डॉलर कुठनं येणार होता, ब्लाउज शिवून? बाबा २००३ ला टीबीनं गेले. एचआयव्हीच्या सरकारी फुकट गोळ्या सुरू झाल्या एप्रिल २००४ ला, त्याही आधी देशभरात मोजून आठ सेंटरांत, आणि लहान मुलांचा कार्यक्रम २००६ ला. राग काढायचाच तर या तारखांवर काढा की.

आणि हो, काहीच औषध नाही, वर अंगावरचं दूध, तरी शंभरातल्या १५ ते ४५ बाळांनाच होतो, बाकीच्यांना होत नाही. माझ्या बाबतीत झाला. आज आईच्या गोळ्या वेळेत सुरू झाल्या आणि बाळाला औषध मिळालं तर हाच आकडा ५ च्या खाली येतो.

आता खरं सांगते. राग आला होता. आठवीपर्यंत मला सांगितलं होतं की या रक्त वाढायच्या गोळ्या आहेत. मग एआरटी सेंटरला, म्हंजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं, माझ्या ग्रीन बुकवर, म्हंजे पेशंटच्या नोंदवहीवर, काय लिहिलंय ते मला वाचता आलं, आणि पुढं कितीतरी दिवस मी आईशी हो-नाहीच्या पलीकडं बोललेच नाही. तेव्हाच्या मला तुम्ही विचारलं असतं तर "येतो, खूप येतो" म्हणाले असते. आता समजूतदार होऊन ती पोरगी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. तिच्याशी खोटं बोललं गेलं होतं, आणि ते तिच्या भल्यासाठी होतं म्हणून ते खरं होत नाही.

पण खरा राग, म्हंजे डोकं फुटेल असा, तो २०१९ चा. माझं अपेंडिक्स दुखायला लागलं. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं, सोनोग्राफी झाली, संध्याकाळी ऑपरेशन ठरलं, सलाइन लागलं. मग न विचारता काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला. आईनं माझी फाइल दिलीच होती, त्यात व्हायरल लोडच्या, म्हंजे रक्तात व्हायरस किती आहे त्याच्या, कागदावर टार्गेट नॉट डिटेक्टेड लिहिलेलं, म्हंजे टेस्टमध्ये व्हायरस सापडतसुद्धा नव्हता. ती फाइल कुणी उघडली नाही. सिस्टर दोन-दोन ग्लोव्हज घालून आली आणि सलाइन काढलं. मग डॉक्टर आले, जनरल वॉर्डात, सगळ्यांसमोर, माझ्याकडं न बघता आईला म्हणाले, "हिला कुणाकडनं?"

आई माझ्या कपड्यांची पिशवी धरून उभी होती. म्हणाली, "होय, माझ्याकडनंच." मोठ्यानं. बाजूच्या कॉटवरच्या बाईनं आपला पाण्याचा तांब्या उचलून पलीकडं ठेवला. "इथं होणार नाही, सिव्हिलला न्या." बिल मात्र पूर्ण घेतलं.

मामाच्या छोटा हत्तीत, द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटांमध्ये गोधडी टाकून मला मिरजेला नेलं. रस्ता कसा आहे ते तुम्हाला माहीत असेल तर सांगायला नको. मी पोट धरून आईवर ओरडत होते. डॉक्टरवर नाही, आईवर. तू का उत्तर दिलंस? सांगायचं ना तुमचा काय संबंध म्हणून! ती म्हणाली, "विचारलं म्हणून सांगितलं. दुखतंय का लई?"

मिरजेत ऑपरेशन झालं, तेच रोजचे ग्लोव्हज, तीच रोजची काळजी जी प्रत्येक पेशंटची घ्यायची असते. नंतर कळलं की १० सप्टेंबर २०१८ पासनं कायदाच लागू आहे. उपचारात भेदभाव करायचा नाही, संमतीशिवाय टेस्ट करायची नाही, चारचौघांत फोडायचं नाही. त्या दवाखान्यानं तिन्ही केलं. तक्रार केली का? नाही. आई नको म्हणाली, आणि त्याचाही राग आहे, लिहून ठेवा.

मग उत्तर काय? येतो. त्या "होय" चा येतो. व्हायरसचा तिच्यावर नाही येत, म्हंजे बहुतेक नाही, एखाद्या रात्री गोळीनं मळमळ झाली की सांगता येत नाही. तुम्हाला "आईला माफ केलं" असं वाक्य हवं असतं, ते पेपरात छान दिसतं. माफ करायला तिनं काय केलंय? दूध पाजलं.

आणि काकू, तुमचा खरा प्रश्न नातवंडाचा होता, मला कळलं. गोळ्या चालू असल्या आणि व्हायरल लोड सापडत नसला की नवऱ्याला होत नाही, अभ्यासांत हजारो जोडप्यांवर बघितलंय, त्यातला एक पुण्यातही झाला. बाळही निगेटिव्ह होऊ शकतं. समुपदेशक ताई म्हणतात, गोळ्या नीट चालू असतील तर पहिले सहा महिने अंगावरचंच दूध पाजायचं. आई म्हणते अजिबात नाही, पावडरचा डबा आणायचा, पैसे मी देईन. मी म्हणते तुझं २००१ चं डोकं आहे. ती म्हणते तुला काय कळतंय. लग्न अजून ठरायचंय, आणि डब्यावरनं आमचं काल रात्री परत वाजलं.