अळ्या शोधताना

पावसाळा आला की आम्हा आशा सेविकांच्या हातात बॅटरी येते. घरोघर जायचं, बॅरल, रांजण, फ्रिजमागचं भांडं, सगळ्यांत उजेड मारून डासांच्या अळ्या बघायच्या आणि तक्त्यात लिहायचं. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातनं एकदा भांडी कोरडी करा, हे आमचं पालुपद. कोल्हापूरच्या बायका त्यावर हसतात. 2019 च्या महापुरात उपसा केंद्रंच बुडाली होती. दारात पूर आणि नळाला थेंब नाही. ते बघितलेली बाई भरलेलं बॅरल ओतून देईल होय?

त्या दिवशी उत्तरेश्वर पेठेतल्या एका बोळात होते. "या की आशाताई, आत्ताच पाणी येऊन गेलंय, समदं भरलंय. बघा काय बघायचं ते," आज्जी म्हणाल्या. त्या भाकरी थापत होत्या, सून धुणं वाळत घालायला माडीवर. मी मागं न्हाणीत गेले. बॅरलच्या तोंडाला फडकं बांधलेलं, आम्हीच सांगितलेलं. शेजारी निळी बादली, अर्धी भरलेली. बादलीतनं दोन पाय वर आलेले.

आवाज काही नव्हता. मला अजून तेच खुपतं. भाकरीची थापथाप ऐकत मी सोप्यातनं आत आले, आणि आठ हातांवर सव्वा वर्षाचं पोर बुडत होतं. हातपाय झाडणं, ओरडणं सिनेमात असतं. तोंडच पाण्यात असल्यावर ओरडणार कुठनं? या वयात डोकं अंगाच्या मानानं जड. एकदा वाकून तोल गेला की मागं ढकलायला हातात ताकद नसते. बादलीनं कलंडावं म्हटलं तर आतलं पाणीच पोराच्या वजनाचं.

उपसून काढलं. ओठ निळे, मान लुळी. आज्जी धावत आल्या आणि पाय धरून त्याला उलटं करायला लागल्या, "पाणी काढा, पोटातलं पाणी काढा!" वडीलधाऱ्या बाईच्या हातातनं मी नातू अक्षरशः हिसकावला. पाणी काढत बसलं की श्वासाची मिनिटं जातात, हे प्रशिक्षणात रबरी बाहुलीवर शिकले होते. तेव्हा बाहुलीला बघून आम्ही सगळ्या खिदळलो होतो. फरशीवर उताणं ठेवलं, हनुवटी जरा वर केली, त्याच्या नाकातोंडावर माझं तोंड ठेवून पाच फुंकरी, छाती वर येईल एवढ्याच. मग छातीच्या मधोमध तीस दाब, परत दोन फुंकरी. दुसऱ्या फेरीत तो ओकला. कुशीवर वळवला, तर रडायला लागला.

या दाब-फुंकरींना प्रशिक्षणात सीपीआर म्हणतात, आणि मी म्हणे सारखं "सीपीआर, सीपीआर" पुटपुटत होते. पण कोल्हापुरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. शेजारच्या रिक्षावाल्यानं तेवढं ऐकलं आणि रिक्षा दारात आणून लावली! सून थरथरत म्हणाली, "ताई, रडतोय की आता, कशाला न्यायचं?" न्यायचंच होतं. छातीत गेलेलं पाणी काही तासांनी दगा देतं, पोर हसतं-खेळतं दिसलं तरी. रात्रभर ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी घरी.

संध्याकाळी तक्ता भरायला बसले. एकूण भांडी, अळ्या असलेली भांडी, रिकामी केलेली भांडी. त्या घरापुढं 'अळ्या नाहीत' लिहिलं. खरंच नव्हत्या. पण त्या फडक्याचा विचार डोक्यातनं जाईना. डास अडतो त्यानं, पोर नाही. उलट वरनं ते पाटासारखं दिसतं, चढून बसावं असं. आणि बादल्यांबद्दल आम्ही कुणाला कधी बोललोच नव्हतो. चार-पाच सेंटीमीटर पाण्यातही तान्हं पोर जातं, हे मला माहीत होतं आणि तरी.

आता रांगतं-चालतं पोर असलेल्या घरापुढं मी पेन्सिलीनं बारीक गोल काढते. पर्यवेक्षिकांनी विचारलं, हे काय? सांगितलं. खोडू नका म्हणाल्या.

त्या घरी परवा गेले. न्हाणीला वरच्या अंगाला कडी बसवलेली, बादल्या पालथ्या. बॅरलवर लाकडी फळी आणि फळीवर मसाला वाटायचा पाटा. तो आज्जींना उचलत नाही, सून नसली की त्या पाण्याविना बसून राहतात. अळ्या बघायच्या म्हटल्यावर पाटा मलाच उतरवावा लागला, आणि परत चढवावाही.