पार्ल्यात एकटीनं राहायला पगार किती लागतो?

माझं उत्तर आधी सांगते. पार्ले पूर्वेला स्टेशनपासून चालत जाता येईल असा वन बीएचके मला महिना ४५ हजारांना मिळाला. हातात पगार येतो १ लाख १० हजार. भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसावं असं सगळे सांगतात. त्या हिशोबानं मला हातात १ लाख ३५ हजार हवे होते. तरीही निभतंय, कारण डोक्यावर कर्ज नाही आणि घरी सांगलीला पैसे पाठवावे लागत नाहीत. ज्यांना पाठवावे लागतात त्यांनी १ लाख ३५ हजारांच्या खाली एकट्यानं पार्ल्याचा विचार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण पगारापेक्षा मोठी अडचण म्हणजे पहिल्याच झटक्यात लागणारी रक्कम. डिपॉझिट २ लाख, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, पहिल्या महिन्याचं भाडं. झाले २ लाख ९० हजार. त्यात करार, टेम्पो, गॅस, पंखे, गादी. साडेतीन लाख बाजूला ठेवल्याशिवाय घरं बघायला सुरुवात करू नका. मी दीड वर्ष पीजीत राहून ते साठवले आणि त्याचा मला अभिमान आहे.

घर मिळालं लवकर. मालक काका निवृत्त शिक्षक. त्यांनी पगाराच्या स्लिपा पाहिल्या, ऑफिसचं पत्र पाहिलं, म्हणाले, "बाळा, वेळेवर भाडं दे आणि घर नीट ठेव, एवढंच." घर पक्कं करायला टोकन दिलं. पीजीला नोटीस दिली. आणि मग सोसायटीची कमिटी आली.

ब्रोकरनं फोन करून सांगितलं, "मॅडम, कमिटी फॅमिलीलाच देते म्हणतेय." मी म्हटलं, मालक द्यायला तयार आहेत ना? तर म्हणे सोसायटीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, लागेल, आणि एनओसी रविवारच्या मीटिंगमध्ये. त्या रविवारी चेअरमन गावाला. पुढच्या वेळी मला बोलावलं. पगार विचारला, तो ठीक आहे. पण नंतर: लग्न कधी करणार? आईवडील सोबत का राहत नाहीत? रात्री किती वाजता येता? मित्र येणार का? आईवडिलांचं पत्र आणा, त्यावर सही हवी. मी तीस वर्षांची आहे, स्वतःच्या कमाईवर भाडं भरणार आहे, आणि मला वडिलांची परवानगी मागितली जात होती. वडिलांनी सांगलीहून पत्र पाठवलंही. मग म्हणे ते स्वतः येऊन भेटले तर बरं. पीजीच्या नोटिशीची मुदत संपत आलेली, टोकन अडकलेलं, आणि रोज ब्रोकरचं एकच उत्तर, "बघतो मॅडम, सेक्रेटरींशी बोलतो." तोपर्यंत एकट्या पुरुषांनाही तिथं असंच अडवलं होतं हे कळलं. पैसे आहेत, कागद आहेत, मालकाची संमती आहे, तरी चार माणसांना पटलं नाही म्हणून तुम्ही बाहेर. याचा राग माझा अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

सुटका केली ती काकांनी. त्यांनी कमिटीला लेखी पत्र दिलं: सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट भाड्यानं देताना सभासदानं सोसायटीला कळवायचं असतं, नोंदणी केलेल्या कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. ते मी देतो आहे. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते शुल्क) शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या निर्णयाप्रमाणे सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांपर्यंत भरेन. नकार असेल तर कारणासह लेखी द्या. लेखी नकार कोणी दिला नाही. काही दिवसांत वॉचमननं टेम्पो आत सोडला.

म्हणून माझा सल्ला: घराआधी मालक बघा. कमिटीपुढे तुमच्यासाठी उभा राहील असा मालक दोन हजार जास्त भाड्यालाही परवडतो. आणि सोसायटीचं काय ते कळेपर्यंत जुन्या जागेची नोटीस देऊ नका, ब्रोकर कितीही घाई करो.

कराराचं काम सोपं. एजंट घरी येऊन अंगठे घेऊन गेला. स्टँप ड्युटी अकरा महिन्यांचं एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का, म्हणजे माझी तेराशेच्या आत. नोंदणी फी १,०००. नोंदणी करणं ही १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे, पण ती झाली की नाही हे तुम्ही बघा. डिपॉझिटची पूर्ण रक्कम करारात लिहून घ्या आणि बँकेतूनच द्या. रोखीत मागणाऱ्या एका मालकाचं घर मी आधी त्यासाठीच सोडलं होतं.

हो, एचआरए, म्हणजे पगारातला घरभाडे भत्ता. त्यावरची करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल तर ऑफिसला मालकाचा पॅन द्यावा लागतो. काही मालक पॅन द्यायला का कू करतात, तर टोकन देण्याआधीच विचारा. दोन्ही प्रणालींचा हिशोब मांडून बघा. माझ्याकडे गृहकर्ज वगैरे नसल्यानं एचआरए धरूनही नवीनच थोडी स्वस्त पडली.

आणि ब्रोकरशी एक गोष्ट व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: अकरा महिन्यांनी त्याच घराचा करार पुढे चालू ठेवला तर पुन्हा ब्रोकरेज द्यायचं की नाही. मी लिहून घेतलं, द्यायचं नाही. यंदा त्यानं मागितलं तेव्हा तोच मेसेज दाखवला.