दराला लगाम आहे, बिलाला नाही : अमळनेरच्या आमच्या दुकानाची वाटचाल

१९९७ साली अमळनेरला दहा बाय बाराच्या गाळ्यात मी आणि धाकट्या भावाने मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान टाकलं. उन्हाळ्यात व्होल्टेज पडायचं, विहिरीवरच्या मोटारी जळायच्या आणि दुकानासमोर बैलगाड्या उभ्या राहायच्या. वार्निशचा वास कपड्यांतून जायचा नाही. पुढे भारनियमनाच्या काळात इन्व्हर्टर-बॅटरीचं काम आलं. त्यावर चार पैसे मिळाले, गाळ्याचं दुकान झालं. ते दिवस बऱ्याच जणांचे सारखेच गेले, म्हणून त्यात रमत नाही.

आमच्या धंद्याने खरं वळण घेतलं ते एका आजींच्या बिलामुळे. मे महिना होता. आजींनी काउंटरवर घडी घातलेलं बिल ठेवलं आणि म्हणाल्या, “भाऊ, इतलं बिल कसं काय उनं? दोनच तं माणसं घरमा.” मीटर जोरात पळतोय असा त्यांना संशय होता. मी घरी गेलो. कूलर, पंखे, दिवे, सगळं बंद केलं, तरी मीटरचा लाल दिवा लुकलुकतच होता. चालू होता तो फक्त फ्रिज. फ्रिजच्या दारात वहीचा कागद धरला, दार लावलं आणि कागद ओढला. तो अलगद बाहेर आला. दाराचं रबर गेलेलं, त्यामुळे कॉम्प्रेसर दिवसभर थांबतच नव्हता. रबर बदललं. पुढच्या बिलात १४५ युनिटचे १०८ झाले.

युनिट पाव हिश्श्याने कमी झाले, पण रक्कम त्याहून जास्त उतरली. आजींना ते कोडंच वाटलं. मग मी बिलाची मागची बाजू उलटली आणि त्या दिवसापासून ती बाजू प्रत्येकाला वाचून दाखवतो.

आपल्याकडे विजेचा दर कंपनी मनाने ठरवत नाही. १९९९ पासून महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आहे. कंपनी खर्चाचा हिशेब मांडते, आयोग लोकांच्या हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो आणि मग दर मंजूर करतो. त्याच्या वर कंपनीला जाता येत नाही. पण हा दर शिडीसारखा आहे. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिली १०० युनिट ४ रुपये ७१ पैशांनी होती आणि १०१ ते ३०० मधलं प्रत्येक युनिट १० रुपये २९ पैशांनी. आजींची वाचलेली युनिट शंभराच्या वरची, म्हणजे महाग टप्प्यातली होती. त्यावर युनिटमागे १ रुपया १७ पैसे वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च. वापर कितीही असो, दरमहा लागणारा स्थिर आकार वेगळा, इंधनाच्या खर्चातल्या फरकाचं इंधन समायोजन वेगळं आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे लगाम एका युनिटच्या दराला आहे. किती युनिट जाळायची, ते घर ठरवतं.

आमच्या एका गिऱ्हाइकाची मुलगी इंग्लंडला असते. तिथे २०१९ पासून ऑफजेम ही नियामक संस्था दराची कमाल मर्यादा जाहीर करते. तिला वाटलं, बातमीत सांगतात त्या आकड्यावर बिल जाणारच नाही. प्रत्यक्षात तो आकडा नमुन्याच्या घराचा. मर्यादा तिथेही युनिटच्या दराला आणि रोजच्या स्थिर आकाराला. समज-गैरसमज सगळीकडे सारखेच, याचं मला फार नवल वाटलं.

बिल घराच्या वापरावर ठरतं, पण सोलरमध्ये उतरलो तेव्हा हीच गोष्ट मी स्वतः विसरलो होतो. २०१९ मध्ये महिन्याला जेमतेम ११० युनिट लागणाऱ्या एका घरावर आम्ही तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे त्यांना लागायच्या तिप्पट वीज तयार होऊ लागली. जास्तीची वीज नेट मीटरिंगमध्ये पुढच्या बिलात वळती होते, पण वर्षअखेर उरेल तिचा मोबदला किरकोळ. त्या दादांनी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. ती चूक आमची होती. पुढे त्यांच्याकडे सून आली, घरात एसी बसला आणि आता वीज वापरात येते. मधल्या चार वर्षांचे हप्ते मात्र त्यांनीच भरले.

तेव्हापासून मागची बारा बिलं पाहिल्याशिवाय आम्ही कोटेशन देत नाही. २०२४ च्या दरांनी गणित असं : महिन्याला २४० युनिट जाळणाऱ्या घराने एक किलोवॅट बसवलं तर वाचणारी १२० युनिट वरच्या टप्प्यातली असतात, शुल्कासह सुमारे १,६०० रुपये. नव्वद युनिटवाल्या घराची सगळी वीज वाचली तरी सहाशेच्या आसपास, आणि स्थिर आकार भरावाच लागतो. केंद्राच्या सूर्यघर योजनेत छतावरच्या सोलरला एका किलोवॅटसाठी ३० हजार, तीन किलोवॅटसाठी एकूण ७८ हजार अनुदान मिळतं म्हणून लोक थेट तीनच मागतात. वापर शंभर युनिटच्या आत असेल तर मी सांगतो, “बापू, आधी जुने पंखे बदला, फ्रिजचं रबर बघा, सोलरचं पुढच्या वर्षी बोलू.”

भावाला सुरुवातीला हे पटायचं नाही. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं म्हणजे काय! आता मात्र कागदाची पट्टी त्याच्या खिशात असते आणि मार्च-एप्रिलमध्ये, उकाडा वाढायच्या आत, तोच घरोघरी फ्रिज तपासत फिरतो.